चमकलं म्हणजे सापडलं?

बडोद्याहून पादऱ्याकडे निघालं की भाजीचे मळे लागतात. याच तालुक्यातून ‘चॅनल’ जातो. 1983 साली सुरू झालेला, सुमारे 55 किलोमीटर लांबीचा हा मार्ग कारखान्यांचं सांडपाणी जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ, महीच्या खाडीपर्यंत नेतो. या पट्ट्यातल्या काही गावांत बोअरला लालसर पाणी येतं, ही तक्रार जुनीच आहे. त्यामुळे ‘धातू दिसला की रंग बदलणारं रसायन’ म्हटल्यावर इथल्या माणसाचे कान टवकारणारच.

पण पहिला गैरसमज पाण्याबद्दलचाच आहे: लाल पाणी म्हणजे विषारी धातू, नितळ पाणी म्हणजे निर्धास्त. शिसं, पारा, कॅडमियम पाण्यात विरघळले की त्यांना रंगच नसतो. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अवघा एक मिलिग्रॅम! तो डोळ्यांना काय दिसणार?

दुसरा समज असा की, चमकतो तो पाण्यातला धातू. नाही. चमकतं ते आपण बाहेरून घातलेलं संयुग: मधोमध इरिडियम किंवा युरोपियमचा अणू, भोवती सेंद्रिय रेणूंचं कडं. या रेणूंना लिगंड म्हणतात. अतिनील दिवा लावला की संयुग उजळतं. किरणोत्सर्गाचा इथे काही संबंध नाही. लिगंडात गंधक असेल तर पारा त्याला धरतो (हे सख्य आपल्या वैद्यांना पारा-गंधकाच्या कज्जलीपासून ठाऊक आहे) आणि उजेड बदलतो.

‘हवा तो रंग मिळतो’ हे अर्धंच खरं. इरिडियमचे लिगंड बदलत गेलं की निळा, हिरवा, लाल असे रंग मिळतात. युरोपियम मात्र ऐकत नाही. त्याचा उजेड देणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांआड झाकलेले असतात, म्हणून तो लालच. टर्बियम तसाच हिरवा. दोघांना एकत्र आणलं तर पिवळा, नारिंगी साधतो.

सगळ्यात फसवा समज पुढचा आहे: उजेड मालवला म्हणजे धातू सापडला. तांबं आणि लोह अनेकदा उजेड मालवतात, हे खरं. पण घरी एक गंमत करून पाहा. अंधारात टॉनिक वॉटरच्या पेल्यावर नोटा तपासायचा दिवा धरा. त्यातल्या क्विनीनमुळे पाणी निळं उजळेल. आता चमचाभर मीठ टाकून ढवळा. निळाई विझत जाते. शिसं नाही, पारा नाही, काम केलं मिठातल्या क्लोराइडनं! क्विनीन हे धातूचं संयुग नव्हे, पण धडा तोच. महीच्या खाडीजवळच्या खारट भूजलात अशी चाचणी घेणाऱ्यानं तो लक्षात ठेवावा.

उलटही होतं. सांडपाण्यातली काही रंगद्रव्यं स्वतःच चमकतात. इथे युरोपियमचा हट्टी स्वभाव कामी येतो. रंगद्रव्यांची चमक नॅनोसेकंदांत विरते, युरोपियमची मिलिसेकंदाच्या आसपास टिकते. उपकरण झोत टाकतं, क्षणभर थांबतं, मग पाहतं.

तरी ‘आता प्रयोगशाळा कशाला?’ असं म्हणू नये. चाळीस बोअरपैकी आधी कुठल्या तपासायच्या, एवढं चमक सांगू शकते. पक्का आकडा अणुशोषण यंत्रावर किंवा आयसीपी-एमएसवर येतो. नमुन्याची बाटलीही प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. तिच्यात नायट्रिक आम्ल घातलेलं असतं. ते नसलं तर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि अहवाल नितळ येतो.