एका सेकंदास किती चित्रें?

मागील वर्षीं आमच्या एका वृद्ध गुरुजींचा निरोपसमारंभ झाला. त्यांचें भाषण दोन विद्यार्थ्यांनीं दोन मोबाईलांवर टिपून घेतलें व संगणकावर दोहोंचें संकलन केलें. पुढें तो व्हिडिओ पाहावयास सर्व मंडळी जमली. आरंभीं सर्व ठीक होतें. परंतु कांहीं वेळानें गुरुजींचे ओंठ आधीं हालूं लागले व शब्द मागून येऊं लागले. त्यांनीं हात उचलला कीं तो झटके देत वर जाई. मुलांस हंसूं आलें. गुरुजी मात्र खिन्न झाले. तें भाषण पुन्हा थोडेंच व्हावयाचें होतें! दोष मुलांच्या श्रमांचा नव्हता. एक लहानसा आंकडा पाहावयाचा राहिला होता. त्याविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

पडद्यावरील चित्र वस्तुतः हालत नाहीं. अनेक स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या त्वरेनें येतात कीं, आपले डोळे व मेंदू त्यांची अखंड गति करून घेतात. अशा एकेका चित्रास फ्रेम म्हणतात. आणि एका सेकंदास जितक्या फ्रेम येतात, तो त्या व्हिडिओचा फ्रेम रेट होय.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांस दाखविला, त्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत. सबब गति थोडीफार कमीजास्त होई. मूकपटांतील माणसें पुष्कळदां लगबगीनें धांवतांना दिसतात, त्याचें कारण हेंच कीं, मंद गतीनें घेतलेलीं चित्रें पुढें अधिक वेगानें दाखविलीं गेलीं. बोलपट आल्यावर मात्र ही मोकळीक संपली. गति बदलली कीं आवाजही बदलतो. म्हणून सेकंदास २४ फ्रेम हें प्रमाण ठरलें. दूरचित्रवाणीनें, जेथें विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात तेथें २५, व जेथें तीं ६० असतात तेथें ३० हें प्रमाण धरिलें. आपल्या देशांत विजेचीं आवर्तनें ५० आहेत. मोबाईल मात्र बहुधा ३० किंवा ६० फ्रेम घेतात.

आतां संकलनाकडे वळूं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्यें ज्या पट्टीवर चित्रखंड मांडतात, तिला टाइमलाइन म्हणतात. तिचाही स्वतःचा फ्रेम रेट असतो. ३० फ्रेमांचा चित्रखंड २५ च्या टाइमलाइनवर ठेविला, तर दर सेकंदास पांच फ्रेम गाळाव्या लागतात. मग हात सरळ वर न जातां झटके देतो. उलट ६० चा खंड ३० च्या टाइमलाइनवर ठेविल्यास एकाआड एक फ्रेम घेतां येते व गति सुरळीत राहते. म्हणून काम आरंभिण्यापूर्वींच चित्रखंडांचा फ्रेम रेट पाहून टाइमलाइनचा तदनुसार ठरवावा. कित्येक सॉफ्टवेअरांत एकदां काम सुरू झाल्यावर तो बदलतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट आवाजाची. पुष्कळ मोबाईल प्रकाश कमीअधिक झाला असतां फ्रेम रेटही किंचित् बदलीत राहतात. कांहीं सॉफ्टवेअर तो कायम एकच समजून चालतात. मग चित्र व आवाज यांची हळूहळू फारकत होते. अशा वेळीं हँडब्रेकसारख्या मोफत साधनानें तो खंड प्रथम स्थिर फ्रेम रेटचा करून घ्यावा व नंतरच संकलनास घ्यावा.

सुदैवानें आमच्या विद्यार्थ्यांनीं मूळ चित्रखंड जपून ठेविले होते. एका मोबाईलाचा फ्रेम रेट ३० होता, दुसऱ्याचा ६०. आणि टाइमलाइन होती २५ ची! त्यांनीं दोन्ही खंड स्थिर करून ३० च्या नव्या टाइमलाइनवर मांडिले. ओंठ व शब्द जुळले, झटके नाहींसे झाले.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. भाषणाच्या शेवटीं गुरुजींनीं चष्मा काढून डोळे पुसले, तो क्षण मुलांस संथ गतीनें दाखवावयाचा होता. सेकंदास ६० फ्रेम असत्या, तर गति निम्मी करूनही दर सेकंदास ३० खरीं चित्रें मिळालीं असतीं. परंतु तो क्षण ३० च्या मोबाईलांतच होता. सॉफ्टवेअर मधलीं चित्रें अनुमानानें रचून देतें खरें. पण त्या रचलेल्या चित्रांत गुरुजींचीं बोटें चष्म्यांत विरघळल्यासारखीं दिसूं लागलीं. शेवटीं मुलांनीं तो क्षण होता तसाच ठेविला, व तेंच योग्य झालें.

बालमित्रहो, संकलनानें मांडणीची चूक सुधारतां येते. जें टिपलेंच नाहीं तें मात्र निर्माण करितां येत नाहीं. तेव्हां घरांतील आजीची ओवी असो वा शाळेंतील समारंभ असो, मोबाईल हातीं घेतल्यावर प्रथम तो आंकडा पाहा. त्यास अर्धें मिनिट पुरतें. आणि गेलेला क्षण मात्र कोणत्याही यंत्रानें परत येत नाहीं.