क्षारतेचा धडा आणि मान्सून

दिल्लीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. राजधानी परिसरातील कित्येक विद्यार्थ्यांनी तो पाहिलेलाही नसतो. तरीही अकरावीच्या भूगोलात सागरजलाच्या क्षारतेचा धडा त्यांना अभ्यासावा लागतो. एनसीईआरटीने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्राकृतिक भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात खुल्या महासागराची क्षारता दर हजारी ३३ ते ३७, तर तांबड्या समुद्राची ४१ पर्यंत दिली आहे. बाष्पीभवन अधिक आणि नद्यांचे पाणी कमी म्हणून अरबी समुद्र जास्त खारट; गंगेच्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर कमी खारट, हेही त्यात आहे. विवेचन अचूक आहे. पण परीक्षेत आकडे विचारले जात असतील तर आकडेच पाठ होणार, यात विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही.

वास्तविक या धड्याचा दिल्लीशी थेट संबंध आहे. शहरातून वाहणारी यमुना (उपसा झाल्यावर जे काही पाणी उरते ते) प्रयागराजला गंगेस मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते. ब्रह्मपुत्रा, महानदी, इरावती या नद्या आणि भरपूर पाऊस यांची त्यात भर पडते. पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता ३० च्याही खाली उतरते. गोडे पाणी हलके असल्याने वरच पसरून राहते. वाऱ्याने खालचे थंड पाणी वर येण्यास ही हलकी चादर अडथळा करते. परिणामी पृष्ठभागाचे तापमान बहुधा २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकते, ढगांना बाष्प मिळत राहते आणि कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात. त्यांतील अनेक गंगेच्या मैदानाकडे व मध्य भारताकडे सरकून पाऊस देतात. त्याच पावसाचे पाणी नद्यांवाटे पुन्हा उपसागरात येते. अरबी समुद्रात मात्र पावसाळी वारे पाणी घुसळतात आणि पृष्ठभाग थंड होतो.

हे समजण्यास प्रयोगशाळाही लागत नाही. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यावर रंगीत गोडे पाणी चमच्यावरून हळूहळू सोडावे. रंगाचा थर वरच राहतो. साध्या पाण्यावर तेच केले तर रंग लगेच मिसळतो. खर्च जेमतेम काही रुपयांचा.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला होता. त्यानंतर हवामानबदलाचा पुरावाही समुद्राच्या खारटपणात दिसू लागला. १९५० नंतर खारट भाग अधिक खारट आणि गोडसर भाग अधिक गोडसर होत गेल्याचे मोजमापांवरून आढळते. बाष्पीभवन व पाऊस यांचे चक्र तीव्र होत असल्याची ती खूण आहे. खुल्या समुद्रावर पर्जन्यमापके बसवणे अवघड, म्हणून क्षारताच तेथील पावसाची नोंदवही ठरते.

या नोंदी ठेवण्यासाठी सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे जगभरच्या महासागरांत सोडलेली आहेत. साधारण दर दहा दिवसांनी ती दोन हजार मीटर खोलीपासून वर येताना तापमान व क्षारता मोजतात. भारतात हे काम हैदराबादचे 'इन्कॉइस' पाहते आणि माहिती विनामूल्य मिळते. ऑगस्टमधील उपसागराची आणि अरबी समुद्राची एकेक नोंद घेऊन आलेख काढणे अकरावीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल. त्यानंतर नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात सागराची निरीक्षणे संगणकीय प्रारूपात का घेतली जातात, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.