पुडीत नेमका कोणता जीवाणू?

ओडिशाच्या ग्रामीण भागातल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना, जन्माला काही दिवस होतात न होतात तोच, रोज एक पूड देण्यात आली. सलग सात दिवस. निम्म्या बाळांच्या पुडीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जीवाणूचा एक निवडक वाण आणि त्याचं खाद्य असलेली विशिष्ट शर्करा होती. बाकीच्यांच्या पुडीत नुसती निरुपद्रवी भुकटी. कोणाला काय मिळालं हे आयांनाही ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा भुकटीच्या गटात ९ टक्के बाळांना सेप्सिस (अंगभर परिणाम करणारा गंभीर जंतुसंसर्ग) झाला होता किंवा ती दगावली होती. जीवाणूंच्या गटात हे प्रमाण ५.४ टक्के होतं. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. इतक्या स्वस्त उपायाने इतकी बाळं सेप्सिसपासून वाचावीत, ही आरोग्यशास्त्रातली फार मोठी गोष्ट आहे.

मात्र या यशाचं श्रेय सरसकट ‘प्रोबायोटिक्स’ना, म्हणजे आरोग्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंना, देऊन चालणार नाही. पाणिग्रहींनी अनेक वाण तपासून त्यातला एक निवडला होता. बाळंही दोन किलो किंवा अधिक वजनाची, दिवस भरण्याच्या फार आधी न जन्मलेली होती. शिवाय नवजात बाळाच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती नुकती कुठे बसत असते. तिथे लवकर पोचणाऱ्याला जागा मिळते, अन्न मिळतं, आणि घातक जंतूंना थारा मिळणं अवघड होतं.

मोठ्या माणसाच्या आतड्यात ही वस्ती केव्हाच भरलेली असते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी प्रौढांना आठवडाभर अँटिबायोटिक्स दिली गेली आणि मग काहींना अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं गेलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांचे मूळचे जीवाणू काही आठवड्यांत बरेचसे परतले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे पाच महिन्यांनंतरही पुरते परतले नव्हते. अभ्यास लहान होता, पण अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर सवयीने लिहिल्या जाणाऱ्या कॅप्सूलबद्दल त्याने रास्त शंका उभी केली.

एकाच जीवाणूचं उदाहरण पाहा. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हा जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या वाणांपैकी एक. अँटिबायोटिकमुळे मुलांना लागणारे जुलाब टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असं अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसतं. पण अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी पडून इस्पितळात आलेल्या ९७१ लहान मुलांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा काहीच फायदा दिसला नाही. जीवाणू तोच, आजार वेगळा, उत्तर वेगळं. म्हणून खोक्यावर फक्त ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असेल, तर आपल्याला जवळजवळ काहीच कळलेलं नसतं. वाणाचं पूर्ण नाव हवं, मुदत संपेपर्यंत किती जीवाणू जिवंत राहतील तो आकडा हवा, आणि तो वाण नेमक्या आपल्या तक्रारीसाठी तपासला गेला आहे का, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

‘फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?’ हा प्रश्न हमखास येतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं गेलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रोबायोटिकच्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. निरोगी माणसाला असा धोका सहसा नसतो. पण अतिदक्षता विभागातला रुग्ण, प्रतिकारशक्ती खालावलेला माणूस, खूप आधी जन्मलेलं बाळ यांच्या बाबतीत ‘दिलं तर बिघडतं कुठे’ म्हणणं घातक ठरू शकतं.

आणि घरचं दही? ते जरूर खावं. पण प्रत्येक घरच्या विरजणात जीवाणूंचं मिश्रण निराळं असतं, त्यामुळे त्याला औषध म्हणता येत नाही. ते उत्तम अन्न आहे. आणि आतड्यातल्या जीवाणूंना पोसतं तेही अन्नच: ज्वारी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांतला न पचणारा तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले आपले स्वतःचे जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच.