एका फेजवर किती?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चैत्रातल्या जत्रेसाठी तात्पुरती डीपी बसत होती. वायरमननं वहीत लोड मांडला: आकाशपाळण्याची २० एचपीची मोटर, तमाशाचा तंबू, रसवंत्या, भज्या-मिठाईची दुकानं, देवळाची रोषणाई. बेरीज ६२ किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.८ धरला की ७७.५ केव्हीए. ६३ची डीपी पुरत नाही, म्हणून १०० केव्हीएची मागवली.

ती ११ केव्ही घेते आणि ४३३ व्होल्ट देते. १०० केव्हीएला १.७३२ आणि ०.४३३ यांनी भागलं की १३३ अँपिअर येतात. हा आकडा प्रत्येक फेजचा. तीन फेजची बेरीज करून ‘अजून बरीच जागा आहे’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं, कारण तेलातली प्रत्येक वाइंडिंग आपापल्या करंटनंच तापते.

पाळण्याची मोटर चालताना २८ अँपिअर घेते, पण थेट सुरू केली तर काही सेकंद त्याच्या सहापट ओढते. म्हणून पाळणेवाल्याला स्टार-डेल्टा स्टार्टर सक्तीचा केला होता. त्यानं सुरुवातीचा झटका तिसऱ्या हिश्शावर येतो.

दिवेलागणीला वायरमननं टाँग टेस्टर लावला. आर फेज १४८, वाय ९२, बी ७०. एकूण लोड वहीत धरल्याइतकाच, तरी आर फेज मर्यादेबाहेर. खाण्याची सगळी दुकानं एकाच रांगेत आणि रांग एकाच फेजवर! न्यूट्रलमधून ७० अँपिअर परत येत होते. असा न्यूट्रल सैल होऊन सुटला, तर कमी लोडच्या फेजवर २३०च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात आणि बिचाऱ्या खेळणीवाल्याचे दिवे फुटतात. जत्रेच्या वायरिंगमध्ये मी सर्वात आधी न्यूट्रलचा नटबोल्ट बघेन.

मेन स्विच पाडून त्यानं न्यूट्रलची लग आवळली, दोन रसवंत्या बीवर आणि एक भजीवाला वायवर घेतला. पुन्हा मोजलं तर ११०, १०४, ९६. न्यूट्रल १२वर आला.

तेवढ्यात कुल्फीवाला आला. “दादा, माझ्या फ्रीजरला एक लाइन द्या की.”

“बीवरनं देतो. पण त्याच्यावर शेगडी लावायची नाही.”