चुन्यात शिजविलेला मका व त्याचे तळीव काप

पनवेल तालुक्यातील शेतकरी भगिनींना तांदळाची भाकरी शिकवावी लागत नाही. आधणात पीठ घालून उकड काढली आणि ती नीट मळली की भाकरी हवी तेवढी पातळ थापता येते. तांदळाच्या पिठात नसलेला चिकटपणा उकडीने येतो. मक्याचे पीठ मात्र नुसते मळले तर कडा फाटतात व भाकरी तव्यावर टाकताना मोडते. मक्याचे मूळ घर असलेल्या मेक्सिकोतील स्त्रियांनी ही अडचण प्राचीन काळीच दूर केली, आणि तीही आपल्या पानाच्या डब्यात सापडणाऱ्या चुन्याने! तिकडे या भाकरीला तोर्तिया व तिच्या तळलेल्या तुकड्यांना तोतोपो म्हणतात.

एक किलो वाळलेला मका निवडून धुवावा. तीन लिटर पाण्यात खाण्याच्या चुन्याची १० ग्रॅम पूड कालवून त्यात मका घालावा. विड्याचा ओला चुना सुमारे दुप्पट लागतो; सुगंध मिसळलेला किंवा भिंतीला लावण्याचा चुना मुळीच वापरू नये. भांडे स्टीलचे असावे, कारण अॅल्युमिनियम चुन्याने खराब होते. अर्धा ते पाऊण तास उकळल्यावर दाण्याचे साल बोटांनी चोळताच सुटू लागते. मग भांडे उतरवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दाणे चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. हे पिवळे पाणी भाजीच्या अळ्यात ओतू नये. आपल्या खारपट्टीला आणखी क्षारांची गरज नाही. ते शोषखड्ड्यात सोडावे.

चुन्याचे काम केवळ चिकटपणा आणण्याचे नाही. मक्यातील नायसीन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्थितीत असते व ते शरीराला फारसे मिळत नाही. चुन्याने ते मोकळे होते, शिवाय कॅल्शियम वाढते. १४९२ नंतर युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. केवळ मक्यावर राहणाऱ्या गरिबांना कातडी सोलून निघण्याचा, जुलाबाचा व अखेर बुद्धिभ्रंशाचा रोग जडू लागला. स्पेनमधील वैद्य गास्पर कसाल यांनी १७३५ मध्ये त्याची लक्षणे नोंदविली; नायसीनचा उपाय मात्र १९३७ मध्ये सापडला. तोवर दोनशे वर्षे गेली होती.

मका कोठून आणला याची चौकशी प्रथम करावी. पेरणीसाठी मिळणारे बियाणे औषध लावलेले, बहुधा रंगीत असते. ते धुतले तरी खाण्यास चालत नाही. ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघर सांगावी. बुरशी आलेले, काळपट दाणेही काढून टाकावेत. त्यांतील विष शिजवून वा तळून पूर्णपणे जात नाही.

धुतलेले दाणे पाट्यावर किंवा यंत्रात थोड्याच पाण्याने बारीक वाटावेत. गोळा मऊ व न चिकटणारा व्हावा. लिंबाएवढ्या गोळ्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून सपाट बुडाच्या भांड्याने दाबाव्यात. पुरीयंत्र असल्यास उत्तम. भाकऱ्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून प्रत्येकीचे सहा तुकडे करावेत व ते सुपात दोन-तीन तास पसरावेत. हे वाळविणे घाईत टाळले जाते आणि तेथेच पदार्थ फसतो. ओला तुकडा कढईत तेल उडवितो, तेल पितो आणि मऊ राहतो. तेल तापल्याची खूण अशी की टाकलेला तुकडा लगेच बुडबुडे काढीत वर येतो. थोडे थोडे तुकडे सोडून बुडबुडे कमी होताच काढावेत व गरम असतानाच मीठ भुरभुरावे.

पदार्थ तळीव आहे, तेव्हा मुलांना तो रोजच्या भाकरीऐवजी देऊ नये. सणासुदीस किंवा बचत गटाच्या विक्रीसाठी मात्र चांगला आहे. सोबत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर व अलिबागचा पांढरा कांदा बारीक चिरून लिंबू पिळावे. काप पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. आपल्याकडील पावसाळी हवेत ते सादळलेच, तर कोरड्या तव्यावर मंद आचेने परतले की पुन्हा कुरकुरीत होतात.