जेलच्या बाटलीवर न छापलेला आकडा

बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात औषधांची तपासणी गोगलगायींवर करण्याची एक पद्धत विकसित झाली. शंख नसलेल्या या गोगलगायीचं अंग म्हणजे सगळी ओलसर, नाजूक श्लेष्मल त्वचा. एखादा पदार्थ तिला झोंबला की ती भराभर चिकट स्राव सोडते. जितकं झोंबेल तितका स्राव जास्त, म्हणून स्रावाचं वजन करून त्या पदार्थाचा दाहकपणा मोजता येतो. शरीरसंबंधाच्या वेळी वापरायची ल्युब्रिकंट जेल आड्रियान्स आणि रेमाँ या संशोधकांनी अशीच तपासली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जेलची ऑस्मोलॅलिटी जितकी जास्त, तितकी गोगलगाय जास्त हैराण.

ऑस्मोलॅलिटी म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांची दाटी. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात तळाशी पाणी साचतं आणि फोडी आकसतात. दाटी जास्त असलेलं जेल योनीच्या पेशींमधून असंच पाणी ओढून घेतं. लावल्यावर बुळबुळीत, ओलं वाटतं खरं. पण त्यातला काही ओलावा पेशींचाच असतो. त्या आकसतात, वरचा थर सुटू लागतो, मग आग होते. गुदमार्गाच्या आत, गुदाशयाचं अस्तर तर पेशींच्या एकाच थराचं असतं आणि संबंधापुरता ओलावा तिथे आपोआप तयार होत नाही. तिथे ल्युब्रिकंट लागतंच आणि ते चुकीचं असलं तर इजाही लवकर होते.

योनीतल्या स्रावाची ऑस्मोलॅलिटी साधारण २६० ते २९० मिलिऑस्मोल प्रतिकिलो असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सुचवलं, की ल्युब्रिकंटची शक्यतो ३८० च्या आत असावी. तशी उत्पादनं कमी मिळत असल्याने तूर्त १,२०० पर्यंत चालवून घ्यावी. बाजारात मात्र २,००० च्या पुढची जेलही विकली गेली आहेत. हा आकडा बहुतेक बाटल्यांवर छापलेला नसतो. तो छापणं सक्तीचं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. तोवर घटकांची यादी वाचावी. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यादीत अगदी वर असेल तर ती बाटली परत ठेवावी. ‘गरम’ वाटणाऱ्या जेलमध्ये हे घटक अनेकदा भरपूर असतात. बधिर करणारं जेल तर नकोच. दुखणं ही शरीराची सूचना असते, ती दाबून टाकली तर इजा झालेली कळणारही नाही.

पीएचही पाहावा. प्रजननक्षम वयात योनीचा पीएच ३.८ ते ४.५ असतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून हे आम्लपण टिकवतात आणि उपद्रवी जंतूंना दूर ठेवतात. म्हणून योनीसाठीच्या जेलचा पीएच ४.५ च्या आसपास हवा.

कोरडेपणा आला म्हणजे बाईचं मन नाही, असा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो. त्यात नवरा दुखावतो आणि बायको त्रास मुकाट सोसते. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, पाळी गेल्यावर ते आणखी घटतं. योनीचं अस्तर पातळ होतं, स्राव कमी होतो. स्तनांच्या कर्करोगावरची काही औषधं, सर्दीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं हेही कारण असतं. यातल्या कशाचाही प्रेमाशी संबंध नाही. ल्युब्रिकंट त्या वेळेपुरतं घर्षण कमी करतं. कोरडेपणा रोजचाच असेल तर व्हजायनल मॉइश्चरायझर किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचं क्रीम लागतं. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

आता आपल्या घराघरांतलं खोबरेल तेल. काहींना ते सोसतं, काहींना त्याने त्रास होतो. पण लेटेक्सच्या कंडोमबरोबर ते वापरूच नये. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेलाच्या जेमतेम ६० सेकंदांच्या स्पर्शाने लेटेक्स कंडोमची ताकद जवळजवळ ९० टक्क्यांनी घटली होती. बेबी ऑइल हे खनिज तेलच. व्हॅसलीन आणि खाद्यतेलंही लेटेक्सला कमकुवत करतात. कंडोम असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट घ्यावं. सिलिकॉनच्या ल्युब्रिकंटमध्ये पाणीच नसल्याने ऑस्मोलॅलिटीचा प्रश्न येत नाही, ते लवकर सुकतही नाही. धुताना साबण लागतो आणि सिलिकॉनच्या लैंगिक साधनांवर ते लावू नये, एवढंच.

मूल हवं असलेल्या जोडप्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. प्रयोगशाळेत अनेक ल्युब्रिकंटमुळे शुक्रजंतूंची हालचाल मंदावलेली दिसली आहे, आणि थुंकीनेही तसंच होतं. त्यांच्यासाठी शुक्रजंतूंना बाधक नसलेली वेगळी जेल मिळतात. औषधाच्या दुकानात तशी स्पष्ट मागावीत.