सय्यद हैदर रझा : मंडला ते पॅरिस आणि परत

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेतील सातवीची एक मुलगी आईबरोबर दाखला न्यायला आली. वडील मस्कतला नोकरीला. आता सगळे घरच तिकडे निघाले होते. आईने पिशवीतून एक जाड फाईल काढून माझ्या टेबलावर ठेवली. "टीचर, तुम्हीच समजवा हिला. माणशी तीस किलो सामान न्यायचं. त्यात कपडे नेऊ, मसाला नेऊ, की ही रद्दी नेऊ?"

फाईलमध्ये चित्रे होती. कुणी मेहंदीची नक्षी काढली होती, कुणी शाळेचा नळ, कुणी पावसातली रिक्षा. एकही चित्र तिचे स्वतःचे नव्हते. सगळी मैत्रिणींनी दिलेली. मी विचारले, "तुझी कुठं आहेत?" ती म्हणाली, "माझी तिथं परत काढता येतील."

त्या दिवशी मला चित्रकार सय्यद हैदर रझा आठवले. घर सोडून दूर जाताना काय न्यायचे आणि काय जपायचे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात फार मोठ्या रूपात आला होता.

रझांचा जन्म 22 फेब्रुवारी 1922 चा, मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातला. वडील जंगल खात्यात होते. नर्मदेचा काठ, दाट रान आणि रात्रीचा काळोख यांत त्यांचे बालपण गेले. शाळेत मात्र त्यांचे लक्ष लागत नसे. त्यांच्या गुरुजींनी मारले नाही, वर्गाबाहेर हाकलले नाही. भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस, असे सांगितले. रझांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली. पुढे जो 'बिंदू' त्यांच्या चित्रांची ओळख ठरला, त्याचे मूळ ते या ठिपक्यात शोधत. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट फार काही सांगून जाते. आपण सहज म्हणून केलेले काहीतरी कुणाच्या मनात पन्नास वर्षे मुरत राहते.

पुढचे शिक्षण आपल्या ओळखीच्या शहरांत झाले. आधी नागपूरचे कला विद्यालय, मग मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. मुंबईत पोटासाठी त्यांनी एका ब्लॉक स्टुडिओत डिझाइनरची नोकरी धरली. दिवसभर दुसऱ्यांचे काम आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रे, असा तो काळ होता. तेव्हा मिळालेले मित्रही असेच धडपडणारे. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरत. आरा कधीकाळी घरगडी होते आणि मोटारी धूत. सूझा गोव्याचे, गाडे विदर्भातले आणि बाकरे शिल्पकार. 1947 मध्ये या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. धर्म, भाषा, घराणे यांतले काहीही सारखे नव्हते. सारखे होते ते काम.

त्याच वर्षी रझांची आई गेली, पुढच्या वर्षी वडील गेले. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात निघून गेली. धाकटे बंधू अली इमाम हेही चित्रकार; 1971 मध्ये त्यांनी कराचीत 'इंडस गॅलरी' सुरू केली आणि तिकडच्या अनेक चित्रकारांना उभे केले. हैदर रझा मात्र भारतातच राहिले. आईवडिलांच्या छत्राविना, भावंडांविना एकट्याने असा निर्णय घेणे किती जड गेले असेल, ते फाळणी पाहिलेल्या घरांना सांगायला नको.

1948 मध्ये ते काश्मीरला गेले असताना त्यांची भेट आंरी कार्तिए-ब्रेसाँ या नामवंत फ्रेंच छायाचित्रकाराशी झाली. चित्रे चांगली आहेत, पण त्यांत बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा, असे त्याने तोंडावर सांगितले. रझा नाराज झाले नाहीत. मुंबईला परतून फ्रेंच शिकू लागले आणि 1950 मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले.

गेले होते शिकायला, राहिले साठ वर्षे. 1956 मध्ये तिथल्या समीक्षकांचा 'प्री द ला क्रिटिक' पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार. 1959 मध्ये जानीन माँजिला या चित्रकर्तीशी विवाह झाला. घरात दोघेही चित्रकार. वर्षाचा मोठा भाग पॅरिसमध्ये आणि उन्हाळा दक्षिणेकडील गोर्बियो या छोट्या गावात, असा त्यांचा संसार होता.

या काळात भारतातले मित्र त्यांना पत्रे लिहीत. कोण काय रंगवतो आहे, कुणाचे प्रदर्शन लागले, कोण आजारी आहे, सगळे त्या पत्रांत असे. रझांनी ती पत्रे टाकली नाहीत. कृष्ण खन्ना यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने निघाला, तसाच इतर चित्रकार मित्रांशी झालेलाही. आज त्या पिढीविषयी अभ्यास करणाऱ्याला ही पुस्तके उघडावी लागतात. एका माणसाने कागद जपले म्हणून एका पिढीची हकिगत वाचली.

फ्रान्समध्ये राहूनही ते कॅनव्हासवर नागरी अक्षरे लिहीत. 1981 मधील त्यांच्या एका प्रसिद्ध चित्राचे नावच 'माँ' आहे. 2002 मध्ये जानीन वारल्या. 2010 मध्ये त्यांचे 'सौराष्ट्र' हे चित्र लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रझा दिल्लीला कायमचे परतले. तिथेही चित्रे काढत राहिले. 23 जुलै 2016 रोजी त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचा दफनविधी झाला.

आपल्या घरांत चित्रकला हा 'शौक' म्हणून चालतो, त्यापुढे कुणी जात नाही. सजीवांची चित्रे काढण्याबाबत काही घरांत दीनी कारणाने संकोच असतो, तो मी जाणते. पण नक्षी आहे, खुशखत आहे, निसर्ग आहे. रझांची उत्तरकाळातली चित्रे तर वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांचीच आहेत. मुलाच्या हाताला वळण असेल तर वाट बंद नाही. निदान त्याचे कागद रद्दीत घालण्याआधी एकदा त्याला विचारा. प्रत्येक चित्रामागे काढणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहायला लावा. वीस वर्षांनी तोच त्याच्या बालपणाचा दाखला असेल.

त्या माउलीला मी ही सगळी गोष्ट सांगितली नाही. त्यांना पुढे पासपोर्टच्या कामाला जायचे होते. मी एवढेच म्हटले, "आधी वजन तर करून बघा." समोरच्या किराणा दुकानदाराने फाईल काट्यावर ठेवली. आठशे ग्रॅम भरले.

आई थोडा वेळ काट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल, मसाल्याचं एक पाकीट कमी नेऊ." मुलीने फाईल छातीशी धरली आणि मला सलाम करून दोघी बसस्टॉपकडे निघाल्या.